अक्काची ओळ

"हीसुद्धा खराब आहे," पापणीकाका म्हणाले आणि तिसरी लेन्स त्यांनी काउंटरवर ठेवली.

काउंटरपलीकडच्या मुलीने ती उचलली, पुढून बघितली, मागून बघितली, दाराच्या उजेडाकडे धरून बघितली. दुकान अजून रिकामं होतं. शटर वर जायच्या आधीच काका पायरीवर येऊन उभे होते, आणि आता तास उलटला तरी एकही लेन्स त्यांच्या पसंतीला उतरत नव्हती. पस्तीस मिलिमीटरची नको, पन्नासची नको, आणि ही महागातली झूमही नको.

"काका, सील तुमच्यासमोर फोडलं की मी."

"सील फोडलं म्हणजे आतला माल चांगला, असं थोडंच आहे? मधे धुरकट दिसतंय. आणि ती समोरची फळी बघ. पोटात वाकलीय."

"फळी सरळच आहे हो."

"सरळ आहे ते मलाही कळतं. म्हणून तर म्हणतोय, लेन्स वाकवतेय."

मुलगी हसली नाही. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून तिला सवय झाली असावी. तिने चौथं खोकं शोधायला पाठ फिरवली आणि काका स्टुलावर टेकले.

पापणीकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण सदतीस वर्षं शाळाशाळांतून वर्गांचे ग्रुप फोटो काढताना, बटण दाबायच्या आधी ते एकच शब्द ओरडत आले: "पापण्या!" तो कानावर पडला की चाळीस-पन्नास पोरं डोळे ताणून बसत. खरं नाव मग दारावरच्या पाटीपुरतं उरलं. आता त्या पोरांची पोरं शाळेत जायला लागली होती आणि शाळा एकेक करून हातच्या गेल्या होत्या. हल्ली कुठल्याही बाई मोबाइल काढतात, वर्गाला जिन्यावर उभं करतात, की झाला ग्रुप फोटो. एकच शाळा काय ती टिकून होती, कारण तिथल्या मोठ्या बाई स्वतः लहानपणी दोन वेण्या घालून काकांच्या फोटोत बसल्या होत्या. येत्या शुक्रवारी तिथे सातवीचा फोटो होता. तो बिघडला असता तर त्या शाळेनेही मोबाइल काढला असता, आणि मग काकांना सकाळी उठून बूट घालायला काही कारणच राहिलं नसतं.

बिघडायची धास्ती होती ती जुन्या कॅमेऱ्यामुळे. दीड वर्ष झालं, डोळा लावला की मधोमध धुकं. बाकांची रांग नागमोडी. फोटो तसे बरे येत, पण काढणाऱ्यालाच धड दिसत नसेल तर आज ना उद्या फजिती ठरलेली. काकांनी फुंकणीने धूळ उडवली, काचा पुसून पुसून झिजवल्या, शेवटी दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने चार दिवस ठेवून घेतला, अख्खा उघडला, आणि परत देताना म्हणाला, "आत काही नाही साहेब. आरसा लख्ख आहे." काका त्याच्यावर उखडले. वीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाला, "तुला दिसत नसेल तर दुकान बंद कर," असं चारचौघांत सुनावून आले. मग कुणीतरी सांगितलं, की हल्लीच्या कॅमेऱ्यांत आरसा नसतोच. मिररलेस म्हणतात त्याला. लेन्सला जे दिसतं तेच आतल्या इवल्या पडद्यावर उमटतं. काकांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आरसाच नको, म्हणजे कटकट मिटली.

आणि आता ह्या नव्याकोऱ्या, बिनआरशाच्या कॅमेऱ्यातही तेच धुकं.

"फोटो कसले काढता तुम्ही?" खोकी हलवता हलवता मुलीने विचारलं.

"ग्रुप. शाळांचे. पहिली रांग सतरंजीवर, दुसरी खुर्च्यांवर, तिसरी उभी, चौथी बाकांवर उभी."

"बापरे. एवढी पोरं एकटे सांभाळता?"

"आता एकटाच," काका म्हणाले.

आधी दोघं होते. अक्का, काकांची थोरली बहीण, नवऱ्याच्या मागे लहान मुलाला घेऊन त्यांच्याकडे आली ती सव्वीस वर्षं राहिली. काकांचं लग्न करायचं राहून गेलं ते गेलंच. मुलगा शिकला, नोकरीला लागला, दुसऱ्या गावी बिऱ्हाड केलं, तरी अक्का भावाकडेच. फोटोच्या दिवशी ती डायरी घेऊन रांगांमधून फिरायची, एकेका पोराला नाव विचारून लिहून घ्यायची, आणि मग काकांच्या डाव्या हाताला येऊन उभी राहायची. काका उजव्या डोळ्याने काम करणार, डावा मिटलेला, म्हणून डावीकडचं अक्काने बघायचं असा दोघांचा रिवाजच होता. काकांनी बटण दाबलं की ही पुटपुटणार, "तिसऱ्या रांगेत चौथी, मिटले तिने." काका पुन्हा ओरडणार, पापण्या.

पण अक्काचं खरं काम घरी. फोटोखालच्या पांढऱ्या पट्टीवर ती काळ्या शाईने नावं लिहायची. बसलेले, डावीकडून. उभे, डावीकडून. पन्नास नावं, चार ओळी, खाडाखोड नाही. तिचं अक्षर एवढं देखणं, की लोक फोटो भिंतीवर लावत ते निम्मे त्या पट्टीपायी. काका कुणाचं तोंडावर कौतुक करणाऱ्यांतले नव्हते, पण फोटो गिऱ्हाइकाला देताना त्यांचा अंगठा आपोआप त्या पट्टीपाशी जायचा.

दीड वर्षापूर्वी एका वर्गाचा फोटो काकांनी नेहमीसारखा भिंगाखाली धरला. डावा डोळा मिटला, उजवा भिंगाला लावला, आणि म्हणाले, "अक्का, ओळ वाकडी गेलीय."

अक्काने चष्मा लावून बघितलं. "मला तर बरी दिसतेय रे."

"नुसत्या डोळ्यांना बरी दिसते. भिंगाखाली खरं कळतं."

तिने दुसऱ्या प्रतीवर पुन्हा लिहिलं. तीही वाकडी. तिसऱ्या वेळी तिने फूटपट्टी ठेवून पेन्सिलने रेघ मारली, रेघेवर बसवून एकेक अक्षर काढलं, दुपारभर खपून. काकांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "अजून वाकडीच. हात कापायला लागला तुझा. राहू दे आता, वय झालं." त्यात कुजकटपणा नव्हता. काकांना आपलं वाटलं, खरं ते सांगावं. अक्काने पेनाला टोपण लावलं, पेन डबीत ठेवलं, आणि कुकर लावायला उठली. दोन महिन्यांनी भाचा भेटायला आला तेव्हा तीच म्हणाली, "मला घेऊन चल. इथे माझा काही उपयोग नाही आता." काकांनी तिला थांबवलं नाही. पट्टीवरची नावं मग छापखान्यातून यायला लागली, आणि गंमत म्हणजे भिंगाखाली त्याही ओळी वाकड्याच. काकांनी छापखानेवाल्यालाही फैलावर घेतलं होतं.

"काका, ऐका ना," मुलगी म्हणाली. चौथं खोकं तिने उघडलंच नव्हतं. "हे मागच्या स्क्रीनवर बघा. आत्ता तुम्ही काढलेला फोटो. फळी सरळ आहे की नाही?"

काकांनी दोन्ही डोळ्यांनी बघितलं. "इथे सरळ दिसतेय."

"आणि डोळा लावल्यावर वाकडी?"

"हो."

"मग एकदा डाव्या डोळ्याने बघा बरं. मी डाव्यानेच बघते. सगळे हसतात मला, पण माझं चालतं."

"मला नाही जमायचं. सदतीस वर्षं उजव्याने काम करतोय."

"एकदाच. मग दुसरा कॅमेरा दाखवते."

डाव्या हाताने जेवायला बसवल्यासारखा काकांना संकोच वाटला. कॅमेरा कसा धरावा तेच कळेना. नाक मागच्या स्क्रीनवर चेपलं, आणि स्क्रीनला स्पर्श झाला की फोकस भलतीकडे सरकायला लागला. मुलीने हात पुढे करून काहीतरी दाबलं. मग समोरची फळी दिसली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरळ. फळीवरच्या खोक्यांवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येत होती. धुकं नव्हतं.

काकांनी उजवा डोळा लावला. फळी वाकली. डावा लावला. सरळ झाली. असं त्यांनी चार वेळा केलं. मुलीला कळलं होतं, पण ती गप्प राहिली, आणि तेवढ्यासाठी काकांनी पुढे कायम तिचं नाव काढलं.

दुरुस्तीवाला, छापखानेवाला, काउंटरवर मांडून ठेवलेल्या तिन्ही लेन्सा. ज्याला त्याला नावं ठेवून झाली होती. मग त्यांना फूटपट्टी ठेवून लिहिणारी अक्का आठवली. ते पुन्हा स्टुलावर बसले. कॅमेरा मांडीवरच होता.

"पाणी देऊ का काका?"

"नको." जरा वेळाने म्हणाले, "लेन्स चांगली आहे गं. तिन्ही चांगल्या आहेत."

"मग तुमचा जुना कॅमेराही चांगलाच असणार," मुलगी म्हणाली. "नवा कशाला घेता? आधी डोळे दाखवून या."

विकायला बसलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य काकांनी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी कॅमेरा उलटसुलट केला. "चेहऱ्याभोवती ती चौकट येते ना ह्यात?"

"हो. जेवढे चेहरे, तेवढ्या चौकटी. फोकस तोच धरतो."

"पापण्या मिटल्या तर सांगतो?"

"हा नाही सांगत."

"म्हणजे अक्काची सर नाही," काका स्वतःशीच म्हणाले. "तरी हाच दे. एका डोळ्याचं काम आहे आता, मला सोबत लागेल. आणि लेन्स ती पन्नासची."

"झूम नको?"

"पाय आहेत की मला. लांबचं हवं तर चार पावलं पुढे जाईन."

मुलीने नाक लागून घोळ होऊ नये म्हणून स्क्रीनचा स्पर्श बंद करून दिला आणि पट्टा लावून कॅमेरा त्यांच्या गळ्यात घातला.

तीन जिने चढून काका घरी आले. जेवले नाहीत. कपाटातून त्यांनी तो फूटपट्टी ठेवून लिहिलेला फोटो काढला. तीन प्रतींतली ती एकच त्यांनी ठेवली होती, का ठेवली ते त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. खिडकीपाशी बसून भिंग डाव्या डोळ्याला लावलं. बसलेले, डावीकडून. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत ओळ जराही हलली नव्हती. एका अक्षराचा पाय दुसऱ्याच्या खाली गेला नव्हता. काका चारही ओळी वाचत गेले, सगळी पन्नास नावं, आणि मग त्यांना रडू आलं. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी ते आवरलं नाही.

संध्याकाळी त्यांनी फोन लावला.

"घेतलास का कॅमेरा?" अक्काने पहिलं तेच विचारलं.

"घेतला. अक्का, तुला एक सांगायचंय."

"सांग की."

"माझा उजवा डोळा गेलाय. मधलं दिसत नाही, आणि सरळ ते वाकडं दिसतं. आज कळलं. तुझ्या ओळी सरळ होत्या."

पलीकडे कुठेतरी नळ चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

"पट्टीने लिहिलेली?" अक्काने विचारलं.

"तीही. आत्ता बघितली. सगळ्याच सरळ असणार."

"मी दीड वर्ष पेन हातात धरलं नाही रे," अक्का म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच काकांना सोसवेना. "नात म्हणाली, आजी, वह्यांवर नावं घालून दे. मी म्हटलं, आईकडून घे, माझा हात कापतो. सूनबाई म्हणाली, कुठे कापतोय? मी म्हटलं, तुला नाही कळायचं, माझ्या भावाने भिंगातून बघितलंय."

"चुकलं माझं."

"डॉक्टरला दाखवलंस का?"

"उद्या जातो."

"उद्या नक्की जा. डावा जपायला हवा."

"अक्का, परत येशील?"

"तुझे तीन जिने कोण चढणार? माझे गुडघे आता घरातल्या घरात फिरवतात तेच खूप आहे. असं कर. शुक्रवारचा फोटो झाला की मला पाठवून दे. नावांची यादी घाल बरोबर. मी लिहून देते. छापील काही शोभत नाही त्याला."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध झिजलाय, गेलं ते परत येणार नाही, डाव्याची काळजी घ्यायची. "कधीपासून त्रास होतोय?" त्यांनी विचारलं. लेन्स खराब झाली तेव्हापासून, असं काकांच्या अगदी ओठावर आलं होतं.

शुक्रवारी नावं घ्यायचं काम काकांनी स्वतः केलं. रांगांमधून डायरी घेऊन फिरताना त्यांच्या नाकी नऊ आले. अक्का हे उभ्या उभ्या, हसत खेळत कसं उरकायची कोण जाणे. मग ते कॅमेऱ्यामागे गेले आणि डावा डोळा लावला. बेचाळीस पोरांच्या चेहऱ्यांवर चौकटी उमटल्या, पोरं हलली तशा त्याही हलल्या. नाक चेपलेलं बघून पहिली रांग खिदळली. "पापण्या!" काका ओरडले आणि बटण दाबलं. मग सवयीने डावीकडे मान वळवली. तिथे सातवीच्या बाईंची पर्स ठेवलेली खुर्ची होती. त्यांनी आणखी चार फोटो काढले, न जाणो कुणी डोळे मिटले असतील.

दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून फोटो अक्काकडे गेला. आठ दिवसांनी परत आला.

काकांनी दोरा कापला, वरचा पुठ्ठा बाजूला केला आणि फोटो खिडकीपाशी नेला. बसलेले, डावीकडून. पहिली दोन नावं ठीक होती. तिसऱ्यापासून अक्षर थरथरलं होतं. दुसरी ओळ मधेच खाली उतरली होती आणि शेवटाला धडपडत वर चढली होती. पट्टीने मारलेली पेन्सिलीची रेघ नीट खोडली गेली नव्हती. ती आपली सरळ होती आणि नावं कधी तिच्या वर, कधी खाली. काकांनी भिंग डाव्या डोळ्याला लावलं. मग काढून पुसलं आणि पुन्हा लावलं. या खेपेला दोष आपल्याच डोळ्यात असावा असं त्यांना फार वाटत होतं. पण रेघ सरळ दिसत होती, खिडकीची चौकट सरळ दिसत होती, समोरच्या गच्चीवरची कपड्यांची तारसुद्धा सरळ दिसत होती.

फोन वाजला.

"पोचला का रे?"

"आत्ताच उघडला."

"तीन दिवस लागले मला. रोज थोडं थोडं लिहिलं. सवय गेलीय म्हणून जरा भीतीच वाटत होती. सरळ आलीय का ओळ?"

"सरळ आहे," काका म्हणाले.

"भिंगातून बघितलंस?"

"भिंगातूनच बघतोय."

"कुठल्या डोळ्याने?"

"चांगल्या."

पलीकडे अक्काने श्वास सोडला. सूनबाईंना हाक मारून ती काहीतरी सांगत होती, आणि सांगताना हसत होती. मग पुन्हा फोनवर येऊन म्हणाली, "आता तू म्हणालास म्हणजे झालं. पुढच्या वर्गाचा पण मलाच पाठव."

"तुलाच पाठवतो," काका म्हणाले. फोन ठेवून त्यांनी टेबलावर कागद अंथरला, डिंकाची बाटली घेतली, आणि फोटो माउंटच्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवायला बसले. पट्टीवर डिंकाचा थेंब पडू नये म्हणून त्यांनी तिच्यावर आधी एक कोरा कागद ठेवला.